परसातल्या पत्र्याच्या शेडला घरातून लाईट न्यायचीय, नुसता अर्थिंगचा रॉड ठोकून चालेल का?

पत्र:

दादा नमस्कार, आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. परसात घरापासून साधारण ४० मीटरवर शेड आहे, खाली चिऱ्याच्या अर्ध्या भिंती आणि वर लोखंडी अँगलवर पत्रे. आधी लाकडं नि नारळ ठेवायचो, आता मिस्टरांनी सुतारकामाची हत्यारं तिथे नेलीत आणि घरघंटीचा आवाज घरात नको म्हणून ती पण तिकडेच न्यायचीय. सध्या किचनच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडलाय. वायरमन म्हणतो माडावरून सर्व्हिस वायर ओढून देतो, दोन वायरी पुरे, शेडपाशी एक अर्थिंगचा रॉड ठोकला की झालं. मागच्या आठवड्यात पत्र्याला हात टेकला तर हाताला झिणझिण झालं, मिस्टर म्हणतात तुझा भास. सासरे म्हणतात सरळ वेगळा मीटर घ्या. नक्की काय करू?

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर बोलू, आधी उठा आणि किचनमधला तो प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, कारण खूप घरांत बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर, बसवलेलं असतं आणि बटण बंद असलं तरी वायरीत फेज, म्हणजे जिवंत करंट, तसाच राहतो, त्यामुळे पिनच बाहेर काढायची. आणि जोवर कोणी मीटर लावून तपासत नाही तोवर त्या शेडच्या पत्र्याला, अँगलला, तिथे बांधलेल्या कपड्याच्या तारेला कोणी हात लावायचा नाही, पोरांना तर तिकडे फिरकू पण देऊ नका.

तुम्हाला झालं तो भास नव्हता असंच धरून चाला. पत्र्यात करंट उतरलेला असण्याची दाट शक्यता आहे आणि तुम्हाला नुसतं झिणझिण झालं कारण बहुतेक पायात चप्पल होती आणि खालची जमीन कोरडी होती. माणसाला साधारण १ मिलीअँपियरच्या आसपास झिणझिण जाणवायला लागतं, १० च्या आसपास गेलं की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडताच येत नाही, आणि ३० च्या वर थोडा वेळ जरी राहिलं तरी श्वासाला आणि हृदयाला धोका सुरू होतो. आता हिशेब बघा, ओल्या अंगाच्या माणसाचा हातापासून पायापर्यंतचा रेझिस्टन्स धरा हजार ओहमच्या आसपास, २३० व्होल्टला २३० मिलीअँपियर झाले. म्हणजे तोच पत्रा, तोच करंट, फक्त पाय ओले आणि अनवाणी, की गोष्ट झिणझिण्यांवर थांबत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर परसात कोरडं काय असतं सांगा. म्हणून मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या, भांडण नको, पण हा विषय भास म्हणून सोडू नका.

करंट कुठून उतरला असेल? दोन जागा आधी बघायला सांगा. एक म्हणजे एक्स्टेंशनची वायर जिथून शेडमध्ये शिरते ती पत्र्याची कड. पत्र्याची कापलेली कड सुरीसारखी असते, वारा आला की वायर हलते, रोज थोडी थोडी घासते आणि एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं, बाहेरून बघितलं तर काही दिसत पण नाही. दुसरी जागा म्हणजे लोखंडी बॉडीचं एखादं हत्यार किंवा जुना टेबल फॅन, ज्याची अर्थिंगची पिन कोणीतरी बोर्डात बसत नाही म्हणून तोडलेली असते किंवा थ्री पिन काढून टू पिन लावलेली असते, आणि तो अँगलला टेकून ठेवलेला असतो. पत्रे स्क्रूने अँगलला जोडलेले, अँगल एकमेकांना वेल्ड केलेले, त्यामुळे एका कोपऱ्यात करंट लागला की पूर्ण शेडच फेज होते. दर पावसाळ्यात आपण पेपरात वाचतो ना, पत्र्याच्या शेडला हात लागून गेला, कपडे वाळत घालताना तारेचा शॉक बसला, एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोघंही गेले, त्यातल्या कितीतरी घटना अशाच असतात, घासलेली वायर आणि मध्ये काहीही संरक्षण नाही.

आता तुमच्या वायरमनच्या रॉडचं. हे जरा सविस्तर सांगतो कारण गावोगाव हाच समज आहे की अर्थिंगचा रॉड ठोकला की शॉक लागत नाही. अर्थिंग हवंच, त्याशिवाय काम होणारच नाही, पण एकट्या रॉडच्या भरवशावर शेड सोडू नका, आणि का ते आकड्यातच बघा.

आपल्याकडे खांबावरून घरात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपण आपल्या आवारात आपला करायचा. म्हणजे शेडच्या पत्र्याला फेज लागला तर करंटला परत जायला जो रस्ता आहे तो तुमच्या रॉडमधून जमिनीत आणि जमिनीतून पार ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत. आणि तुमच्याकडची जमीन कसली, तर जांभा. वर वीतभर माती आणि खाली कातळ. जांभ्या खडकात अर्थिंग चांगलं लागत नाही, आणि मे महिन्यात सगळं सुकलं की अजून बिघडतं. समजा चांगला ठोकला तरी २० ओहम आले. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. शेडसाठी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच, बसवला असेल २० अँपियरचा. साडेअकरा अँपियरला तो पडेल का? कधीच नाही पडणार, त्याला वाटतंय शेडमध्ये कोणीतरी मशीन चालवतंय. आणि तेवढा वेळ, म्हणजे तास, दिवस, आठवडा, पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तसाच राहणार, वर तो करंट मीटरमधून जातोय म्हणून बिल येणार ते वेगळंच. आता कोणी म्हणेल मी खड्डा खणून मीठ कोळसा भरून एकदम झकास ५ ओहमचं अर्थिंग देतो, तरी हिशेब ४६ अँपियरचा येतो. २० अँपियरचा सी टाईप एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे १०० ते २०० अँपियर लागतात. ४६ ला तो तापून पडेल पण त्याला सेकंद लागतात, काही वेळा बरेच सेकंद, आणि पत्र्याला चिकटलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून यात खरं जीव वाचवणारं यंत्र आरसीसीबी आहे. गावात काही जण त्याला ईएलसीबीच म्हणतात, दुकानात मागताना आरसीसीबी म्हणा आणि ३० मिलीअँपियरचा म्हणून ठासून सांगा कारण १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आगीपासून संरक्षणाला ठीक, माणसासाठी ३० चाच. त्याचं काम सोपं आहे, फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच तो बघत बसतो. पत्र्यातून, रॉडमधून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत थोडासा जरी गळला तरी दोन्हीत फरक पडतो आणि फरक ३० मिलीअँपियरला पोचेपर्यंत तो पडतोच, सेकंदाच्या छोट्याशा भागात. आणि आता तुमचं जांभ्यातलं अर्थिंग परत बघा, २० ओहम राहू दे, अगदी २०० ओहम धरा, तरी ३० मिलीअँपियरला पत्र्यावर फक्त ६ व्होल्ट येतात. म्हणजे अर्थिंग बरं असलं की वायर पत्र्याला टेकल्या टेकल्या आरसीसीबी पडणार, कोणाचा हात लागायची वाटच बघायची नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी अशी जोडी लागते, दोन्हीतलं एक काढलं की दुसरं अर्धंच राहतं.

त्याच्या मर्यादा पण सांगतो. आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच, किंवा दोन्ही एकात असलेला आरसीबीओ घ्या, तो थोडा महाग पडतो पण जागा कमी लागते. आणि कोणी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही, कारण गेला तेवढा परत आला. म्हणून आरसीसीबी बसवला म्हणून चालू वायरी उघड्या हाताने जोडायच्या असं होत नाही.

बसवायचा कुठे, तर घरातल्या मेन बोर्डात, जिथून शेडची केबल निघते तिथेच, म्हणजे पूर्ण केबल पण संरक्षणात येते. किचनच्या सॉकेटवरून काही काढायचं नाही, शेडची लाईन मेन स्विचपासून स्वतंत्र निघाली पाहिजे, त्यावर २० अँपियरचा डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एमसीबी आणि २५ किंवा ४० अँपियरचा ३० मिलीअँपियरवाला डबल पोल आरसीसीबी. घराला आधीच आरसीसीबी असेल तर शेडची लाईन त्याच्या आधीपासून घ्या, मेन स्विचनंतर, नाहीतर शेडमध्ये ओल आली की घरपण अंधारात, आणि मग वैतागून कोणीतरी घरचाच आरसीसीबी डायरेक्ट करून टाकतो.

हे डायरेक्ट करणं, ताई, याच्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. नवीन आरसीसीबी बसवला, पहिल्या पावसात दोनदा पडला, वायरमनला बोलावलं, त्याने सांगितलं हा फार सेन्सिटिव्ह आहे, काढून टाकू. असं होऊ देऊ नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा एखाद्या जॉइंटमध्ये पाणी गेलेलं असतं, बोर्डात मुंग्यांनी घर केलेलं असतं नाहीतर घरघंटीच्या मोटरला ओल लागलेली असते. एकेक वस्तू काढून परत चढवत गेलं की सापडतं. आणि अजून एक कारण असतं जे वायरमनने करून ठेवलेलं असतं, शेडचा न्यूट्रल आणि घरातल्या दुसऱ्या लाईनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेला. मग गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही आणि तो विनाकारण पडत राहतो. त्यामुळे कामाच्या आधीच वायरमनला सांगा की शेडच्या लाईनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे कोणाशीही मिसळायचा नाही, अर्थच्या वायरशी तर अजिबातच नाही. काही जण अर्थिंग नाही म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ लूप करून देतात, ते भयंकर आहे, वाटेत न्यूट्रल तुटला की शेडमधल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर फेज येतो.

आता वायर. तुमच्या वायरमनची दोन तारांची सर्व्हिस वायर मला दोन कारणांसाठी नको वाटते. पहिलं म्हणजे त्यात अर्थची तिसरी कोअर, म्हणजे आतली वेगळी वायर, नाही, आणि मला शेडमध्ये घराचं अर्थिंग पोचलेलं हवंय. दुसरं कारण ते माड. माडाला बांधलेली वायर म्हणजे वाऱ्यात रोज ताण, वरून झावळ पडली की तुटली, नारळ पडला की तुटली, आणि ती ज्या जीआयच्या तारेला लटकवतात ती तार घासून घासून एक दिवस तीच फेज होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तुमच्या सिंधुदुर्गात माड, पोफळी, विजेचे खांब कसे आडवे झाले ते तुम्ही बघितलंच असेल, ओल्या परसात तुटून पडलेली जिवंत वायर ही कल्पना करा, आणि अंधारात कोणीतरी ती उचलायला जाणार.

त्यापेक्षा तीन कोअरची तांब्याची आर्मर्ड केबल घ्या, ४ स्क्वेअर एमएम. फेज, न्यूट्रल, अर्थ, आणि वरून लोखंडी तारांचं चिलखत, उंदीर घुशी दातच लावू शकत नाहीत आणि कोणाचं फावडं चुकून लागलं तरी एकदम आत जात नाही. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळेल, पण तुमच्याकडे हवेत ओल आणि खार, ॲल्युमिनियम आणि पितळी टर्मिनल जिथे जुळतात तिथे जॉइंट सैल होतो, गरम होतो, जळतो. घ्यायचीच असेल तर साईज मोठी लागेल आणि वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूच्या टोप्या, नीट दाबून बसवावे लागतील. मी तांबंच सांगेन.

४ एमएम का, त्याचाही हिशेब देतो म्हणजे दुकानदार २.५ किंवा १ चं बंडल गळ्यात मारणार नाही. ४० मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन ८० मीटर तांबं. शेडमधला लोड धरा १३ अँपियर, घरघंटी चालू आहे, एक कटर चालू आहे, दोन ट्यूब, पंखा. १ एमएमच्या वायरीत, आणि स्वस्तातल्या एक्स्टेंशनची वायर बहुतेक यापेक्षाही बारीक असते, १९ व्होल्ट वायरीतच जिरतात. २.५ मध्ये पावणेआठ, ४ मध्ये पाच पण नाहीत. तुम्ही म्हणाल १९ ने काय बिघडतं, तर संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यातून हे गेलं. आणि खरी गंमत मोटर सुरू होताना असते, १ एचपीची घरघंटी चालताना ६-७ अँपियर घेते पण सुरू होताना क्षणभर ५-६ पट, धरा ३५ अँपियर. १ एमएमच्या वायरीत तेव्हा ५० व्होल्ट पडतात! मोटर गुरगुरते, उचलत नाही, तापते, आणि सगळे म्हणतात घरघंटीच खराब निघाली. ४ एमएमला हाच आकडा १३ वर येतो. पुढेमागे वेल्डिंग मशीन आणायचा मिस्टरांचा विचार असेल तर आत्ताच सांगा, मग ६ एमएम टाकू, केबल एकदाच पुरली जाते. आणि हो, ते एक्स्टेंशन अजून कधी दुसरीकडे वापरलं तर रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही, आत वितळते.

केबल पुरायची खोली पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट. खाली वाळूचा थर, त्यावर केबल, परत वाळू, वर विटा, तुमच्याकडे विटांपेक्षा चिऱ्याचे तुकडे सोपे, मग माती आणि मातीत थोडं वर लाल किंवा पिवळी वॉर्निंग टेप. जिथून रिक्षा टेम्पो जातो तिथे पाईपमधून न्या. विहीर आणि शोषखड्डा टाळून न्या. आणि पुरून झाल्यावर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, घराच्या कोपऱ्यापासून किती फुटावर आहे ते भिंतीवर पण लिहा, पाच वर्षांनी केळी लावायला खड्डा घेणाऱ्याला ते लागणार आहे.

मला माहितीय की तुम्ही म्हणणार, दादा आमच्याकडे अडीच फूट खणायला कातळ फोडावा लागेल. खरंय. जिथे खणता येत नाही तिथे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने न्या, आर्मर्ड केबल जीआय पाईपमधून गडग्याला क्लँप करून, वाटेच्या बाजूला नाही तर आतल्या बाजूला, जमिनीपासून थोडी वर म्हणजे पाण्यात बुडून राहणार नाही, आणि त्या पाईपला पण अर्थ जोडा. गडग्याचे दगड ढासळतात म्हणून जिथे पक्का आहे तिथूनच. कसंही न्या, पण मध्ये जॉइंट नको. ४० मीटर सलग केबल मिळते, वाटेत पिळून टेप मारलेला जॉइंट म्हणजे पहिल्या पावसाला तुम्हीच दार उघडून दिल्यासारखं.

शेडच्या आत एक छोटा प्लॅस्टिकचा डीबी, म्हणजे स्विच आणि एमसीबी बसवायची पेटी, लावा, त्यात डबल पोल मेन स्विच म्हणजे शेडमध्येच सगळं बंद करता येईल, लाईट-पंख्याला ६ चा एमसीबी आणि हत्यारं-घरघंटीच्या सॉकेटला १६ चा. केबलच्या दोन्ही टोकांना ग्लँड, म्हणजे केबल पेटीत घट्ट धरणारी चकती, हवा. वायरिंग पत्र्यावर खिळे मारून करायचं नाही, सगळं पीव्हीसी कंड्युटमधून, आणि पत्र्यातून जिथे आरपार जाईल तिथे भोकाला रबरी ग्रोमेट किंवा पाईपचा तुकडा असल्याशिवाय वायर जाताच कामा नये, आत्ता जे झालंय ते तिथेच झालंय असं मला वाटतं. सॉकेट कमरेच्या वर, पागोळ्यांच्या बाजूला नाही, आणि बाहेर लागणारा एखादा पॉइंट असेल तर झाकणवाला वॉटरप्रूफ. ट्यूब प्लॅस्टिक बॉडीच्या एलईडी घ्या. ज्या हत्यारावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं त्याला अर्थची पिन नसते आणि त्याला गरजही नसते, डबल इन्सुलेशन असतं, पण घरघंटीला अर्थ लागतोच, तिची पिन कोणी तोडू नये. घरी इन्व्हर्टर असेल तर शेडचे सॉकेट त्यावर टाकू नका.

आणि रॉड. तुमच्या वायरमनला सांगा रॉड ठोक, नक्की ठोक, पण तो एकटा नको. घराच्या अर्थिंगची वायर केबलच्या तिसऱ्या कोअरमधून शेडमध्ये येईल, शेडचा रॉड तिला जोडायचा, केबलचं चिलखत तिला जोडायचं आणि शेडचा अँगल पण जाड वायरने नटबोल्ट लावून तिलाच जोडायचा, म्हणजे शेडमधली सगळी लोखंडी वस्तू आणि पायाखालची जमीन शक्य तितकी एका पातळीवर राहते. रॉडची जागा बघताना पागोळ्यांचं नाहीतर न्हाणीचं पाणी मुरतं ती ओली जागा बघा, जांभ्यात ओल हीच खरी मदत. शेडला कधी गुरं बांधायचा विचार आहे का? असेल तर हे जोडकाम अजून काटेकोर करावं लागेल, गाई-म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, जमिनीतल्या जमिनीत व्होल्टेजचा फरक पडला की करंट थेट त्यांच्या छातीतून जातो, माणसाला कळत पण नाही एवढ्याने जनावर जातं.

काम कोणाकडून करून घ्यायचं तर सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराकडून, आणि संपल्यावर त्याने तीन गोष्टी तुमच्यासमोर करून दाखवायच्या. मेगर लावून केबलचं इन्सुलेशन बघायचं, चांगल्या नव्या केबलला आकडा १ मेगाओहमच्या खूप वर येतो, जवळपास आला तरी कुठेतरी घोटाळा आहे. अर्थ टेस्टरने अर्थिंग मोजायचं. आणि शेडच्या सॉकेटवरून आरसीसीबी पाडून दाखवायचा, त्याला टेस्टर मिळतो. नुसतं निऑनचा टेस्टर पेटला म्हणजे झालं असं मानू नका, फेज आहे एवढंच तो सांगतो, अर्थ चांगला की वाईट ते त्याला कळत नाही. त्यानंतर दर महिन्याला आरसीसीबीवरचं टेस्ट बटण तुम्ही स्वतः दाबा, खटकन पडला पाहिजे, न पडला तर त्याच दिवशी बदला. त्या बटणाने यंत्र चालू आहे एवढं कळतं, अर्थिंगची तपासणी होत नाही, ती वर्षातून एकदा मे महिन्यात, जमीन सगळ्यात सुकी असताना करून घ्या.

घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा. कोणाला करंट लागलेला दिसला तर त्याला हात लावायचा नाही, आधी घरातला मेन बंद, तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला, मग १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला शंभरच्या वर दाब देत राहायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही.

सासऱ्यांच्या वेगळ्या मीटरचं. शेड तुमच्याच आवारात आहे आणि वापर घरचाच आहे, तर वेगळा मीटर लागत नाही, घरच्याच मीटरवरून नेता येतं. पण सासऱ्यांच्या बोलण्यात एक मुद्दा आहे. घरघंटीवर गावातल्यांचं दळण पैसे घेऊन दळायला लागलात किंवा मिस्टरांनी ऑर्डरी घेऊन फर्निचरचा धंदा सुरू केला तर ते महावितरणला कळवून योग्य दराचं कनेक्शन घ्या, नाहीतर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून लागू दराच्या दुप्पटीने आकारणी होऊ शकते. आणि शेजारच्यांना शेडमधून एक वायर देऊ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, ते पण त्यातच येतं.

दुसरं म्हणजे बिलावर मंजूर भार म्हणून एक आकडा असतो, तो बघा. १ किलोवॅट असेल तर फ्रीज, पंप, मिक्सर आणि वर शेडचे ३ किलोवॅट असं सगळं त्यात बसणार नाही, भार वाढवायचा अर्ज द्यावा लागेल आणि खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर पण तपासून घ्यावी लागेल, जुन्या घरात ती बारीक असते. त्या बिलाचा, घरातल्या मेन बोर्डाचा उघड्या झाकणाचा आणि शेडपर्यंतच्या वाटेचा असे तीन फोटो पाठवा, घरघंटीच्या मोटरवरची पाटी वाचता येईल असा चौथा. मग केबल नक्की किती मीटर आणि भार किती वाढवायचा ते मी लिहून देतो, तेच वायरमनच्या हातात द्या.